पीई कमी दिसला म्हणून स्वस्त नव्हे

दादा, पीई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) दहा वर्षांच्या सरासरीखाली आला की शेअर स्वस्त, असं तुम्ही म्हणता. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नेमकी इथेच फसगत होते. आमच्या अंबड एमआयडीसीत ट्रकची मागणी जोरात असली की तिन्ही पाळ्या चालतात, नफा फुगतो आणि पीई आपोआप खाली येतो. समजा भाव ३००, ईपीएस (प्रति शेअर नफा) ३०, तर पीई १०. मंदीत ईपीएस ६ वर आला, तर भाव १८० पर्यंत पडूनही पीई ३०! म्हणून अशा शेअरला मी सात वर्षांच्या सरासरी नफ्यावरच पीई काढतो, जोडीला पीबी (भाव भागिले प्रति शेअर पुस्तकी मूल्य) बघतो. निफ्टी निर्देशांकाच्या पीईचे जुने आकडे लावतानाही जपा: २०२१ पासून एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) हा पीई कंपन्यांच्या एकत्रित (उपकंपन्या धरून) नफ्यावर काढते, आधी एकल (फक्त मूळ कंपनीच्या) नफ्यावर काढायची.