ट्रेल बाईकला चार पिस्टनचे ब्रेक खरंच लागतात का?

उतारवेडा
हल्ली ट्रेल बाईकचा, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवरच्या सायकलचा, विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला, चार पिस्टनचेच (पॅड दाबणाऱ्या दट्ट्यांचेच) ब्रेक टाक. मला हे पटत नाही. १२०-१३० मिमी ट्रॅव्हलची (सस्पेन्शन तेवढं दबणारी) बाईक असेल तर दोन पिस्टनचे चांगले हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचे), पुढे २०३ मिमीचा रोटर (पॅड जिला पकडतात ती चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि मागे १८०, एवढ्यात आरामात भागतं. १८० चा काढून २०३ चा टाकला की बोटाचा जोर तेवढाच ठेवून ब्रेकची ताकद साधारण १३ टक्के वाढते, आणि बदलायचं काय तर रोटर आणि अडॅप्टर, अख्खा सेट नाही. आधी रोटर, मग पॅड, मग पिस्टन, हा क्रम लोक उलटा लावतात.

सिंगलट्रॅक
गणित बरोबर आहे पण लांब उताराचं काय? मी ९५ किलोचा, दोन पिस्टनवर खाली येईपर्यंत हात भरून येतात, मग दोन-दोन बोटांनी लिव्हर आवळायला लागतो आणि हँडलवरची पकड ढिली होते, तिथेच पडायची वेळ येते. चार पिस्टनचा पॅड लांब असतो, मटेरियल जास्त, एका बोटात काम होतं. त्यासाठी सगळ्यात वरचा ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) लागतो असंही नाही, शिमानोच्या डिओर या खालच्या संचामध्येसुद्धा चार पिस्टनचा कॅलिपर (पिस्टन आणि पॅड बसतात तो भाग) मिळतो.

उतारवेडा
लांब उतारावर ब्रेक तापल्यावर नेमकं काय होतं ते सांगा. लिव्हर कडक लागतोय पण बाईक थांबत नाही, की लिव्हर मऊ पडून हँडलला टेकतोय? दोन्ही वेगळे आजार आहेत. पहिल्यात पॅडची पकड गेलेली असते, रेझिनचे काढून मेटलचे टाका, फक्त रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' लिहिलेलं नाही ना ते आधी बघा, नाहीतर मऊ स्टीलचा रोटर भराभर झिजेल. दुसऱ्यात आतलं ऑइल उकळलंय किंवा लाईनमध्ये हवा आहे, ब्लीड करा, म्हणजे हवा काढून ऑइल भरा. यात पिस्टन किती आहेत याचा काय संबंध?

सिंगलट्रॅक
संबंध आहे ना. मेटलचे पॅड उष्णता कॅलिपरकडे जास्त ढकलतात, म्हणजे पहिला आजार बरा करताना दुसऱ्याला आमंत्रण. मोठा कॅलिपर, मोठे पॅड असले की तापायलाच वेळ लागतो.

तेलपाणी
ऑइल उकळण्यावरून सांगतो. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एकतर डॉट फ्लुइड असतं, नाहीतर मिनरल ऑइल. डॉट फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, नवीन डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश आणि पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो, त्यामुळे ते वेळेवर बदलायलाच हवं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी खाली साठतं, म्हणजे कॅलिपरमध्ये, नेमकं सगळ्यात गरम जागी, आणि ते १०० ला उकळतं. आणि कृपा करून एकाच्या ब्रेकमध्ये दुसरं भरू नका, सील फुगून ब्रेक कामातून जातो.

साधीकेबल
एवढं सगळं करण्यापेक्षा तेलाऐवजी केबलवाले डिस्क ब्रेक घ्या की, ब्लीडची भानगडच नाही, वाटेत केबल तुटली तर तिथेच बदलता येते.

सिंगलट्रॅक
लांब टूरिंगला घ्या, ट्रेलवर नको. पॅड झिजले की हाताने ॲडजस्ट करत बसायचं, हायड्रॉलिकमध्ये पिस्टन आपोआप पुढे सरकतात. शिवाय केबलमध्ये चिखल गेला की लिव्हर जड होतो.
उतारवेडा, तुमच्या क्रमात एक अडचण आहे. बऱ्याच फ्रेमला मागे १८० च्या वर रोटरची परवानगी नसते. तिथे तुमचा पहिला उपाय संपला, मग चार पिस्टनशिवाय काय उरतं?

उतारवेडा
मागच्या चाकाला एवढी ताकद हवी कशाला? ब्रेक लावला की वजन पुढे येतं, मागे जोर वाढवला तर चाक लॉक होऊन घसरणार. खरं काम पुढचा ब्रेक करतो आणि आजच्या बहुतेक ट्रेल फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) २०३ चालतो. तुमच्या वजनाला पुढे चार पिस्टन टाका, ते मान्य. मागे मात्र दोनच ठेवा.