पेन्सिल सेल घाऊक घेतलेले परवडतात का?

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी, घरात भिंतीवरची घड्याळं ४, टीव्ही आणि एसीचे रिमोट, सासूबाईंचं बीपी मशीन, वर पोराच्या गाड्या. रोज कशाचा तरी सेल संपलेलाच. म्हणून दिवाळीत ४० सेलचा बॉक्स स्वस्तात घेतला, माळ्यावर ठेवला, मे मध्ये बीपी मशीनला घातले तर पंधरा दिवसांत आत चिकट पाणी सुटलं, स्प्रिंग गंजली. सासूबाई रोज सकाळी बीपी वहीत लिहितात, आठवडाभर वही कोरी राहिली, फार जीवाला लागलं ओ. आता घाऊक घ्यावे की नको? घ्यायचे तर कुठले?

नवीपेठ_कर
ताई, घाऊक घ्या पण सगळ्याला एकच सेल नको. सेलवर बारीक अक्षरात बघा, नुसतं आर६ असेल तर साधा झिंक कार्बन, एलआर६ असेल तर अल्कलाईन. बारक्या सेलला तेच आर०३ आणि एलआर०३. घड्याळ-रिमोटला करंट कमी लागतो, तिथं साधा भरपूर झाला. बीपी मशीनला मात्र अल्कलाईनच, पट्ट्यात हवा भरणारी मोटर सेलवरच चालते. आणि साध्या सेलचं जस्ताचं डबडं हेच त्याचं एक टोक असतं, सेल वापरला की तेच झिजतं, भोक पडतं, म्हणून पाणी सुटतं.

विजापूर_रोड
माळा हीच चूक झाली बघा. आपल्याकडं एप्रिल-मे ला पारा ४२-४३ ला जातो, स्लॅबखाली तर भट्टीच, तिथं सेल न वापरताच उतरतो. सहा महिन्याचेच घ्यायचे, तारीख बघून, आणि खाली कपाटात ठेवायचे. फ्रीजमध्ये पण नको, बाहेर काढला की दव धरतो.

सोल्डरवाला
रिपेरिंगचं काम करतो म्हणून सांगतो, मशीन टाकू नका. साध्या सेलचं पाणी आम्लधर्मी असतं, खायचा सोडा थेंबभर पाण्यात कालवून कापसाच्या काडीने स्प्रिंग पुसा, मग कोरड्या काडीने, मग दिवसभर वाळू द्या. अल्कलाईनची पांढरी पावडर असेल तर उलटं, तिथं लिंबू चालतं. आणि जुना-नवा सेल एकत्र घालायचा नाही म्हणजे नाही, आधी जुना उतरतो, मग नवा त्याला उलटा दाबतो आणि जुना फुटतो.

दोन_पोरांची_आई
गाड्यांना रिचार्जेबल घे गं, निकेल मेटल हायड्राइडचे ४ आणि चार्जर. पहिल्यांदा पैसे जातात पण शेकडो वेळा चार्ज होतात, आमचे ३ वर्षं झाली चालू आहेत. व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असतं, गाडीला काही फरक पडत नाही. घड्याळाला नको घालू, तिथं १५ रुपयाचा सेल वर्षभर जातो.

जुळे_सोलापूर
आत्ता बॉक्स काढून बघितला, नुसतं आर६. २२ शिल्लक आहेत, ४ घड्याळांना, बाकी रिमोटला संपवते. बीपी मशीनला एलआर६ चे ४ आणले, स्प्रिंग सोड्यानं पुसून वाळत ठेवली आहे, उद्या सकाळी लावून बघते.