मोपाहून (गोवा) दिल्लीला कुत्रीला विमानाने नेण्याबाबत मदत हवी आहे
पुढील महिन्यात आम्ही म्हापशाहून दिल्लीला राहायला जात असून आमच्या ६ वर्षांच्या, १८ किलो वजनाच्या गावठी कुत्रीला मोपा विमानतळावरून थेट विमानाने न्यायचे आहे. वजनामुळे तिला केबिनमध्ये घेणार नाहीत, हे मान्य आहे. रेबीजची लस झाली आहे, प्रवासयोग्यतेचा दाखला पशुवैद्य देणार आहेत, आणि उभे राहून वळता येईल एवढ्या पिंजऱ्यात ती आता रात्रभर शांत झोपते. गुंगीचे औषध मात्र श्वसनाला धोका असल्यामुळे देणार नाही. विमान कंपनीकडे दोनदा चौकशी केली, दोन्ही वेळा वेगळे उत्तर मिळाले. आईच्या प्रकृतीमुळे रेल्वेचा पर्याय नाही. मोपाहून कुत्रा नेलेल्यांनी कृपया सांगावे, पिंजरा प्रवाशांच्या काउंटरवर स्वीकारतात की मालवाहतूक विभागात, आणि विमानात चढवेपर्यंत तो उन्हात किती वेळ ठेवला जातो?