ब्रॉयलर पिल्लं मागच्या सांध्यावर बसताहेत, मिनरल चुकलं का?

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात माझं 1,200 पक्ष्यांचं शेड आहे. करारावर नाही, पिल्लं विकत आणतो, खाद्य घरीच भरडतो. आधीच्या दोन बॅच चांगल्या निघाल्या. या बॅचचा आज 19 वा दिवस आणि 40 पक्षी लंगडताहेत. काल 25 होते.

लंगडणारा पक्षी फीडरकडे पंख आपटत सरपटत जातो. एकाला हातात धरून पाहिलं. चोच कडक आहे, पण सांधा सुजलाय, पाय बाहेर वळलाय आणि सांध्यामागची शीर जागा सोडून कडेला गेलेली बोटाला लागते. भूक आहे, पोचता येत नाही. बघवत नाही हो.

100 किलोला मका 57, सोयापेंड 36, तेल, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) 2, चुनखडी पावडर 1.2. मिनरल मिक्श्चर या वेळी गोठ्यातलंच घातलं, एक किलो. दहाव्या दिवशी दोन-चार पक्षी लंगडले तेव्हा एका अंडी-फार्मवाल्यांनी शिंपल्यांचा चुरा घालायला सांगितलं, हाडं भरतील म्हणाले. 3 किलो घातला. तिथून लंगडणारे वाढतच गेले. बाकीचे कसे वाचवू?

उत्तर: भाऊ, हे पेरोसिससारखं, म्हणजे सांध्यामागची शीर सरकून पाय वळण्याच्या आजारासारखं दिसतंय. मँगनीज कमी पडलं की असं होतं, कोलीन (जीवनसत्त्वासारखा एक घटक) किंवा झिंक कमी असलं तरी होतं. मुडदूस असता तर चोच रबरासारखी वाकली असती. किलो खाद्यामागे 60 मिलिग्रॅम तरी मँगनीज हवं. शिवाय चुऱ्याने कॅल्शियम एक टक्क्यावरून दोनवर गेलं आणि जादा कॅल्शियम मँगनीज अंगी लागू देत नाही. शिंपला अंड्यावरच्या कोंबडीला, तिला कवच बनवायचं असतं; ब्रॉयलरच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो. हे खाद्य आजच थांबवा. पोल्ट्रीचं ट्रेस मिनरल (मँगनीज, झिंकसारखी थोडी लागणारी खनिजं) आणि कोलीन घालून नवं भरडा. सरकलेली शीर सहसा परत बसत नाही, ते पक्षी वेगळे काढून खाद्य-पाणी जवळ ठेवा. सांधा संसर्गानेही सुजतो, म्हणून दोन लंगडे पक्षी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवाच.

धागाकर्ता: आत्ता मिनरल मिक्श्चरचं पोतं बघून आलो. मँगनीज 0.12 टक्के लिहिलंय, म्हणजे किलो खाद्याला 12 मिलिग्रॅमच पडलं. चुरा काढला. सकाळी पक्षी घेऊन शिरवळला निघतो. तोवर पाण्यातून काही देता येईल का?