शून्य अंशाची बॅग, तरीही थंडी

एकाने विचारलंय की शून्य अंशाची स्लीपिंग बॅग असूनही शरदातल्या मुक्कामाला डोंगरात थंडी का वाजते. नवी बॅग घेण्याआधी लेबल बघा. तो आकडा 'लिमिट'चा, म्हणजे जेमतेम झोप लागेल अशा खालच्या मर्यादेचा असेल, तर आरामाचं तापमान साधारण ५-६ अंश वर धरा.

पण बहुतेकदा खरी चूक मॅटची असते. अंगाखाली बॅगेचं भरण दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि खालून ऊब राखायचं काम एकट्या मॅटवर येतं. आर-व्हॅल्यू (मॅट ऊब किती राखते त्याचा आकडा) २ ची मॅट उन्हाळ्यापुरती; शरदात ३ ते ४ हवी. आहे तिच्याखाली फोमची मॅट टाकली तरी चालेल, आकड्यांची बेरीज होते.

तंबू ओढ्याकाठी नको. थंड हवा रात्री खाली उतरून तिथेच साचते, दवही जास्त. थोडं वर चढा, वाळक्या फांद्यांखालची जागा टाळा. तंबूची व्हेंट (हवा खेळायची खिडकी) उघडीच ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ जमून बॅग ओलावते.

आणि हो, वापरलेला पोकळ तंतूंचा पाणी गाळायचा फिल्टर पिशवीत बांधून बॅगेत घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं की तंतू फाटू शकतात, आणि बाहेरून काही कळत नाही.