'हेरेम'ला मराठीत काय म्हणाल?

शेवगा:
आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी बायबलातल्या १ शमुवेल १५ वरची टिपणं मराठीत करतेय आणि एका हिब्रू शब्दापाशी कधीची अडकलेय. शमुवेल संदेष्टा इस्राएलाच्या शौल राजाला सांगतो की शत्रू असलेल्या अमालेकी लोकांवर 'हेरेम' कर, पुरुष, बायका, तान्ही मुलं, गुरं, उंट, गाढवं, काही ठेवू नको. आपल्याकडे त्याचं सरळ नाश, विध्वंस करतात. पण तोच शब्द लेवीय २७ मध्ये परमेश्वराला कायमचं देऊन टाकलेल्या शेतासाठी येतो, जे विकायचं नाही की सोडवून घ्यायचं नाही. विध्वंस लिहिलं की देणं गेलं, अर्पण लिहिलं की तान्ही मुलं झाकली गेली. वर्गातल्या एक आजी दर वेळी विचारतात, देव प्रीती आहे म्हणता तर ह्या अध्यायाचं काय करायचं? त्यांना गुळगुळीत शब्द द्यायचा नाहीये मला.

रानजाई:
'देवाला सोडणे' चालेल का? आमच्या गावी देवाच्या नावाने पोळ सोडायचे, कुणाच्याही पिकात शिरला तरी त्याला हात लावत नसत. माणसाच्या वापरातून काढलेलं, हाच भाव ना?

जुना कागद:
पण सोडलेला पोळ जगतो हो, इथे उलट आहे. यहोशवा ७ बघा, यहोशवाने जिंकलेल्या यरीहो शहराच्या लुटीतला, म्हणजे हेरेम केलेल्या मालातला, एक झगा, २०० शेकेल चांदी आणि सोन्याची वीट आखान नावाच्या इस्राएली माणसाने तंबूत पुरली आणि त्यापायी सगळ्या इस्राएलावर संकट आलं. बाकी शब्द आपल्याला परका नाही, अरबी 'हराम' त्याच धातूचा आणि 'हरमशरीफ'मधला हरमही तोच. निषिद्ध आणि पवित्र एकाच मुळातून.

गावठाण:
कृपा करून बायबलात हराम घालू नका, मराठीला शब्दांची वाण नाही. 'उत्सर्ग' घ्या, त्याग आणि दान दोन्ही येतं त्यात.

सांजवात:
उत्सर्ग वाचून त्या आजींना काय कळणार? पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं, १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणूनच ना. माझं मत 'वाहणे'. फुलंच वाहतात असं नाही, खंडोबाला मुरळ्या वाहायचे, नवसाच्या लहान पोरी, आणि त्या पोरींना कुणी विचारायचं नाही. भक्ती आणि क्रौर्य दोन्ही त्या शब्दात आधीपासून आहे.

शेवगा:
सांजवात, हे लागलं मनाला. 'वाहून टाकणे' असं करून बघते.

जुना कागद:
इस्राएलाशेजारच्या मोआबच्या मेशा राजाचा शिलालेख १८६८ मध्ये सापडला, इसपू नवव्या शतकातला, आता लूव्रमध्ये आहे. त्यात तो म्हणतो की इस्राएलाकडून नबो हे गाव घेतलं, ७००० जीव मारले आणि आपल्या देवासाठी त्यांचा हेरेम केला, क्रियापद तेच. म्हणजे त्या काळी लढाईनंतर राजे असंच बोलायचे. शिवाय पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ यरीहो खणलं तेव्हा यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळातला तट मिळालाच नाही. घडलंच नसेल तर देवावर आळ कशाला?

शेवगा:
न घडल्याने प्रश्न सुटत नाही ना, आम्ही ते देवाचं वचन म्हणून वाचतो. मार्कियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने दुसऱ्या शतकात जुन्या कराराचा देवच वेगळा ठरवून टाकला, ओरिजेन ह्या जुन्या ख्रिस्ती भाष्यकाराने यहोशवातल्या लढाया म्हणजे आपल्या आतल्या पापांशी झुंज असा अर्थ लावला, दोन्हीकडे लेकरं गायब. मला तालमूदमधलं, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथातलं, जवळचं वाटतं. तिथे शौल देवाशी भांडतो, की एक माणूस मेलेला सापडला तर कालवडीचा विधी करायला लावतोस, मग इतक्या जिवांचं काय, मोठ्यांनी पाप केलं असेल पण लहानांनी काय केलं? आकाशवाणी त्याला गप्प करते, पण त्याचा प्रश्न त्यांनी खोडला नाही, पिढ्यान्‌पिढ्या शिकवला. आजींना मी हेच सांगणार आहे, त्यांचा प्रश्न श्रद्धेच्या बाहेरचा नाही.

रानजाई:
ज्ञानोबांनी 'खळांची व्यंकटी सांडो' मागितलं, खळ मरोत असं नाही. पण पूतनेला मारलं की आपण 'उद्धार केला' म्हणतो, तो शब्दही एकदा तपासायला हवा.

गावठाण:
उद्धार म्हणजे तिला मातेची गती मिळाली, त्यात तपासण्यासारखं काय? आणि उत्सर्गावर मुद्द्याचं कुणीच बोललं नाही.

कोकणकडा:
अलिबागकडे आमचे शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, होते, त्यांच्याकडून मी 'हेरेम' म्हणजे वाळीत टाकणं असं ऐकलंय.

जुना कागद:
हो, नंतरचा अर्थ तो. १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या यहुद्यांनी तत्त्वज्ञ स्पिनोझावर हेरेमच घातला होता.

कोकणकडा:
मग 'वाळीत' का नको? आमच्या रायगडात वाळीत टाकलेली घरं पाहिलीत मी, २०१६ चा कायदा होईपर्यंत धड तक्रारही करता येत नव्हती. हे वाळीत 'वाळणे'वरूनच ना? पाण्यावाचून सुकवणं?

सांजवात:
नाही, जातीबाहेर काढणे ह्या अर्थाचं 'वाळणे' हे जुनं वेगळं क्रियापद आहे, सुकण्याशी संबंध नाही.

कोकणकडा:
संबंध नाही कसा? विहीर बंद केली की दुसरं काय होतं?