जपानची शरणागती: १५ ऑगस्ट की २ सप्टेंबर?

रामबागची आजी: नातवाच्या शाळेत प्रश्नमंजूषा आहे. एका पुस्तकात १५ ऑगस्ट १९४५, दुसऱ्यात २ सप्टेंबर. पोहे-जलेबी गार झाली, वाद मिटेना. खरं काय?

राजवाडा_कट्टा: दोन्ही, आजी. १५ला जपानच्या सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. करारावर सह्या २ला, टोकियोच्या उपसागरात अमेरिकेच्या 'मिसुरी' युद्धनौकेवर. परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू काठी टेकत आले; १९३२ला शांघायच्या बॉम्बस्फोटात एक पाय गेलेला. आणि दोस्तांचा सरसेनापती, अमेरिकन जनरल मॅकआर्थर, याने मागे मुद्दाम कोणाला उभं केलं? १९४२ला सिंगापूर जपान्यांच्या हवाली करणाऱ्या ब्रिटिश जनरल पर्सिव्हलला!

महूकर: कॅनडाचा किस्सा राहिला. कर्नल कॉसग्रेव्हने जपानच्या प्रतीवर एक ओळ खाली सही ठोकली. मग फ्रान्स, नेदरलँड्स एकेक घर खाली; न्यूझीलंडला ओळच उरली नाही. शेवटी देशांची नावं हाताने खोडून दुरुस्त केली.

रामबागची आजी: अगंबाई, आमच्या सोसायटीचं रजिस्टर बरं म्हणायचं! आणि आपली सही?

राजवाडा_कट्टा: भारताची वेगळी नाही. ब्रिटनतर्फे ॲडमिरल फ्रेझर. ब्रह्मदेशात लढायला मात्र आपलीच पोरं. नातवाला सांगा, करारावरच्या सह्या विचारल्या तर २ सप्टेंबर.